न चाखलेलं डाळिंब

डाळिंब पारखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी भर जेवणाच्या टेबलावर, खुद्द सासूबाईंसमोर ठोकून दिलं. तिथेच माझे ग्रह फिरले!

त्याचं असं आहे, की आम्ही ज्यू. आमच्या नव्या वर्षाच्या जेवणात एक नवं फळ लागतं. नवं म्हणजे त्या हंगामात तोवर जिभेला न लागलेलं. आमच्या घरी ते डाळिंब. आधी एक दाणा जरी तोंडात टाकलात, तरी तुमच्यापुरतं ते फळ जुनं झालं! दरवर्षी डाळिंबं सासूबाई निवडतात, ती गोड निघतात, आणि मग त्यांच्या पारखीचं कौतुक आम्ही पुढचं वर्षभर ऐकतो. म्हटलं, यंदा ते कौतुक आपलं.

"तुम्ही आणणार?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही मागे कलिंगड म्हणून भोपळा आणला होतात."

"तो अपघात होता!" मी म्हणालो आणि पिशवी उचलून निघालो.

बाजारात रसवाल्याच्या गाडीवर तीन ढीग होते. एक लालभडक, एक गुलाबी आणि एक पिवळट, भेगा पडलेला. मी टिचक्या मारल्या, वास घेतला, एक डाळिंब कानाशी धरून हलवलंसुद्धा. ते काही बोललं नाही.

"साहेब, रस काढून देतो, चाखून बघा," रसवाला म्हणाला.

"चाखता येत नाही ना!"

"मधुमेह का?"

"नवं वर्ष!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मधुमेह सांगितला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या त्या नजरेतूनच मला कल्पना सुचली. मला चाखायची बंदी आहे, दुसऱ्याला चाखवायची थोडीच आहे? शेजारी एक टॅक्सीवाला घाम पुसत उभा होता. मी त्याला तिन्ही ढिगांचा एकेक पेला पाजला.

"पिवळा! डोळे मिटून पिवळा घ्या!" तो म्हणाला.

"साफ चूक," मागून एक निवृत्त मास्तर म्हणाले. त्यांनी न विचारताच तिन्ही पेले रिचवले. "लाल उत्तम. पिवळा आंबट. खात्रीसाठी पुन्हा एकेक द्या."

आता दोन साक्षीदार, दोन जबान्या! तिसरा हवाच. तिसरा आला, त्याच्या मागून चौथा आला, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, फुकट आहे!" झालं! बघता बघता रांग कोपऱ्यावरून वळली. एक बाई घरून तांब्या घेऊन आल्या. एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मत तुम्हालाच. फक्त पक्ष कुठला ते सांगा." रसवाला यंत्राचा दांडा असा दाबत होता, की जणू गावाला आग लागलीय आणि हाच बंब!

इकडे टॅक्सीवाला आणि मास्तर हमरीतुमरीवर आले होते.

"पिवळा आंबट आहे, आंबट!" मास्तर माझ्या नाकाशी पेला नाचवत गरजले. "तुम्हाला जीभ आहे की नाही?"

माझ्या पारखीवर बोललात तर बोला, पण माझ्या जिभेवर? माझं डोकंच फिरलं.

"आणा इकडे! म्हणे आंबट!" मी पेला हिसकावला आणि गटागटा पिऊन टाकला. "हे आंबट? साखर आहे साखर!"

रांगेत टाळ्या पडल्या. मग माझ्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. मी हळूच मान वळवली, तर मागे सासूबाई! माझ्यावर नजर ठेवायला आलेल्या. हातात रिकामा पेला, वरच्या ओठावर लाल मिशी.

त्यांनी घाईघाईने पदराने मिशी पुसली.

"मला वाटलं, कलिंगडाचा आहे," त्या म्हणाल्या.

"तीन पेले?" रसवाल्याने विचारलं. त्याला कुणी विचारलं होतं का?

पिवळ्या ढिगातली उरलेली डाळिंबं आम्ही पिशवीत भरली. पण आता आम्हा दोघांसाठी दुसरं नवं फळ शोधणं आलं! सगळा बाजार पालथा घातला. सफरचंद खाल्लेलं, अंजीर खाल्लेलं, पेरू तर सासूबाईंनी त्याच सकाळी खाल्लेला. अखेर एका टोपलीत एक हिरवं, केसाळ फळ सापडलं. "नाव विचारू नका," विकणारी म्हणाली. "परत मात्र घेणार नाही."

"घरी सांगायचं, वैद्यांनी दिलंय," सासूबाई कुजबुजल्या. "आणि जावईबापू, यातलं एक अक्षर बाहेर पडता कामा नये. शपथ घ्या." मी घेतली.

नव्या वर्षाचं जेवण सुरू झालं. आशीर्वाद म्हणून झाला आणि सगळ्यांनी डाळिंबाचे दाणे तोंडात टाकले. टेबलाच्या टोकाला मी आणि सासूबाई ते केसाळ फळ चावत होतो. चव म्हणाल, तर साबणाने धुतलेली काकडी.

"अहाहा!" सासरे डोळे मिटून म्हणाले. "एवढं गोड डाळिंब मी जन्मात खाल्लं नाही! कुणी निवडलं हे?"

हाच तो क्षण! मी छाती फुगवली, तोंडातला घास घाईघाईने गिळायला गेलो, आणि तो घशातच अडकला.

"कोण निवडणार?" सासूबाईंनी शांतपणे तोंड पुसलं. "बाजारात गेले होते ना मी."

सगळ्यांनी त्यांना दाद दिली. मीही दिली, ठसका आवरला तशी.