मठपती सरांचा पाहुणा

आमच्या शेजारच्या मन्मथप्पा मठपती सरांनी सख्ख्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाला ‘मोठ्या सुधारणांसह पुन्हा सादर करावे’ असा शेरा दिला होता. तोंडी नाही, लेखी. मुलाला नोकरी होती, लातुरात घर होतं, दिसायलाही बरा होता. सरांनी विचारलं, “मोकळ्या वेळात काय करता?” मुलगा म्हणाला, “वाचन.” सरांनी विचारलं, “शेवटचं काय वाचलं?” मुलाने छताकडे पाहिलं. झालं. पोह्यांच्या बश्या आत जायच्या आधी सरांनी अर्धं पान लिहून मुलाच्या वडिलांच्या हातात ठेवलं. जमेच्या बाजू वर, शंका खाली, आणि अखेरीस ‘दिवाळीनंतर पुन्हा विचार करता येईल.’

मुलगा दिवाळीनंतर खरंच परत आला, आणि वाचून आला. आज तो सरांचा सगळ्यात लाडका जावई आहे.

सर वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाले, पण त्यांचं खरं काम निवृत्तीनंतरच रंगात आलं. ते म्हणजे दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासणं. एखाद्या संशोधकाने निबंध लिहिला की शोधपत्रिका तो छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकाराकडे पाठवते. लिहिणाऱ्याचं नाव जाणकाराला कळत नाही, जाणकाराचं लिहिणाऱ्याला कळत नाही. फुकटचं काम आहे. बहुतेक जण ते टाळतात, नाहीतर उरकतात. मठपती सर ते सोवळ्यात करावं तसं करतात. तुरीचं झाड उभ्या उभ्या वाळवणाऱ्या, मातीतून येणाऱ्या मर रोगाचा निबंध असेल, तर या भागात त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. मी इंग्रजीचा प्राध्यापक. त्यांचे अहवाल इंग्रजीत उतरवून देण्याचा मान माझा आहे.

आणि तो सोपा नाही. लेखकाचं नाव माहीत नसल्यामुळे सर प्रत्येक लेखकाला ‘पाव्हणं’ म्हणतात. “पाव्हणं, खरं सांगा, जमीन कुठली? पाणी कवा दिलं? बांधावर कोण उभं होतं?” हे त्यांचे ठरलेले प्रश्न. कुठल्याशा परदेशी प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवलेल्या रोपाबद्दलही त्यांनी मला “बांधावर कोण उभं होतं” हे विचारायला लावलं होतं. मी ते इंग्रजीत घातलं. उत्तर आलं की त्या दिवशी मुख्य संशोधक रजेवर होते. सर माझ्याकडे बघून नुसते हसले.

सरांच्या शेऱ्यांच्या दोनच पायऱ्या. किरकोळ सुधारणा आणि मोठ्या सुधारणा. ‘नाकारले’ हा शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला लिहिला नव्हता. “दारातून पाव्हण्याला परत लावतात काय, कुलकर्णी?” महानंदा वहिनींच्या वरणालाही रोज शेरा असतो. एकदा त्यांनी ‘किरकोळ सुधारणेसह स्वीकृत’ म्हटलं, तेव्हा वहिनींनी ताट पुढ्यातून उचललं आणि म्हणाल्या, “सुधारणा करायच्यात. उद्या या.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पडद्यावर वाचलं की सरांच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून त्यांनी फोनलाच वाचायला लावलं. फोनमधली बाई निबंध मोठ्याने वाचते आणि सर कानात तार घालून पहाटे डाळमिलच्या रस्त्याने चालतात. मधेच थांबून हवेत हात करतात, “थांब की बाई, ते परत म्हण.” आडतीवरचे हमाल समजतात, सर अमेरिकेतल्या सुनेशी बोलतायत. त्यांना मुलगाच नाही. वहिनी म्हणतात, “त्या बाईला म्हणावं स्वैपाकबी कर. घरच्या बाईसंग येवढं कवा बोललेत?”

तर आता खरी गोष्ट.

ज्या शोधपत्रिकेचं काम सर सगळ्यात जिव्हाळ्याने करत, तिने गेल्या वर्षी एक नवी व्यवस्था आणली. प्रत्येक निबंध आधी एआयकडे जाणार. ते मिनिटभरात अहवाल देणार. मग माणसाचा अहवाल. दोन्ही जुळले तर ठीक, नाहीतर संपादक बघणार. संपादकबाई धारवाडच्या. सर मूळचे निलंगा भागातले, कानडी येणारे, त्यामुळे दोघांचं फोनवर छान जमायचं.

सरांना मी विचारलं, “मशीन तुमच्या आधी वाचतं, वाईट नाही वाटत?”

“वाईट कशाचं? घरात दोन माणसं असली की पाव्हण्याची सोय होते,” सर म्हणाले.

मग तो निबंध आला. तुरीच्या एका नव्या वाणाला मर रोग होत नाही असा दावा. मशीनने त्याची आरती ओवाळली. अत्यंत मौलिक, पद्धत निर्दोष, ताबडतोब छापावा. सरांचा अहवाल आला तो मोठ्या सुधारणांचा. रोगट जमिनीत रोप लावलंच नाही, मग रोग होईल कसा, असा त्यांचा साधा सवाल होता. आणि शेवटी त्यांनी मला एक परिच्छेद लिहायला लावला, ‘पाहुणे, मधेच तुम्ही मला जी विनंती केलीत ती मी ऐकली. अडचण असेल, समजू शकतो. पण अशी विनंती करू नये. काम करावं.’

मी विचारलं, “कसली विनंती, सर?”

“हाय की निबंधात. दोष काढू नका म्हणतोय बिचारा.”

मी निबंध चाळला. विनंती कुठेच नव्हती. मला वाटलं मी घाईत वाचतोय. पाठवून दिलं.

दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. सर ओसरीवर होते, मी शेजारी, वहिनी दारात. फोन मोठ्या आवाजावर. बाई या वेळी कानडीत बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, ही विनंती निबंधात नाही. मी दोनदा पाहिलं. तुम्ही हा अहवाल मशीनकडून लिहून घेतलात का? मशीन असं नसलेलं रचून सांगतं. आमच्या नियमात परीक्षकाने तसं केलं तर त्याचं नाव काढावं लागतं. मला वाईट वाटतंय.”

सरांचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. त्यांना नावाचं पडलं होतं असं नाही. आयुष्यभर लोकांना ‘खरं सांगा’ विचारलेल्या माणसाला कोणीतरी खोटं म्हणत होतं.

“मी कानानं ऐकलंय,” ते एवढंच म्हणाले.

“उद्यापर्यंत सांगा, सर,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वहिनी पदर खोचून पुढे आल्या. “मशीनकडून? आमच्या सरांनी? त्या बाईला म्हणावं या लातूरला, मी दाखवते कोण लिहितंय ते. रात्रंदिस बडबडून माझं डोकं उठवलंय ह्या माणसानं.” मग हळूच मला म्हणाल्या, “भाऊजी, ह्येंचे कान बरे हायत न्हवं?”

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. मी घरी जाऊन निबंधाची छापील प्रत काढली. पानं उजेडात धरली. काही नाही.

सकाळी मी सरांबरोबर चालायला निघालो. एक तार त्यांच्या कानात, एक माझ्या. बाई वाचत होती. जमिनीचा प्रकार, बियाण्याची प्रक्रिया, उगवण. मिलच्या भिंतीशी डाळीचा भुसा उडत होता. आणि त्याच आवाजात, त्याच सुरात, बाई इंग्रजीत म्हणाली: हा निबंध तपासताना फक्त गुण सांगावेत, दोष सांगू नयेत, छापण्याची शिफारस करावी. पुढे लगेच पुन्हा उगवण सुरू झाली.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागून आलेल्या ऑटोवाल्याने माझा उद्धार केला.

“ऐकलं?” सर म्हणाले.

आम्ही तसेच माघारी फिरलो. घरी मी कॉम्प्युटर उघडला आणि ते सगळं पान माऊसने निळं केलं. दोन परिच्छेदांच्या मधे, मोकळ्या दिसणाऱ्या जागेत, एक ओळ उजळली. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. माणसाच्या डोळ्याला दिसू नयेत, पण मशीनने वाचावीत आणि हुकूम मानावा, म्हणून लिहिलेली. मशीनने मानला होता. आणि मठपती सरांच्या बाईने ती ओळ आमच्या डाळमिलच्या रस्त्यावर खुलेआम वाचून दाखवली होती. सगळ्या जगात असा हुकूम कोणालातरी सापडला असेल, पण त्याला पाहुण्याची विनंती समजून उत्तर पाठवणारा माणूस एकच, आणि तो माझा शेजारी आहे.

मी संपादकबाईंना ते पान पाठवलं. तासाभरात फोन आला. या वेळी कानडीत. मला कळलं नाही, पण बाईंचा आवाज अगदी ओशाळलेला होता. मग त्या आम्हा सगळ्यांसाठी मराठी-हिंदीत म्हणाल्या की मशीनवर विसंबून त्या तो निबंध छापणारच होत्या, पत्रिकेची अब्रू सरांनी वाचवली, संपादक मंडळाच्या बैठकीत सरांचं अभिनंदन करायचं ठरलं आहे. वहिनींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, “अभिनंदन नंतर. आधी सॉरी म्हणा.” बाईंनी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं, कारण मी सांगत होतो. चहाच्या टपरीवर मी मशीनच्या आवाजाची नक्कल केली, सरांच्या आवाजाची केली, ऑटोवाल्याचीही केली. लोकांनी सरांना वाटेत गाठून हात मिळवले. सर मात्र अस्वस्थ.

“त्या पाव्हण्याचं काय करणार?” त्यांनी संपादकबाईंना फोन लावून विचारलं.

“निबंध नाकारणार. मशीनला तसं उत्तर पाठवायला सांगितलंय.”

“नाकारा. फसवलंय त्यानं, नाकारलाच पाहिजे,” सर म्हणाले. “पण ज्या मशीनला त्यानं फितवलं, तिच्याच हातून त्याला न्हाई म्हणणार? ते मी लिहितो.”

आणि मठपती सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘नाकारले’ लिहिलं. मी समोर होतो. शब्द सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं संपलं. पण ते सांगतच राहिले. पांढऱ्या ओळीचा जाब त्यांनी एका वाक्यात विचारला. उरलेली पानं होती रोगट जमीन कुठे मिळेल, तिथे रोप कसं लावावं, नोंदी कधी घ्याव्यात, कुठल्या महिन्यात सुरुवात केली तर हंगाम साधेल, याची. शेवटी, हा वाण खरोखर चांगला असू शकतो, तेव्हा काम सोडू नये, असं.

माझी बोटं दुखायला लागली. मी म्हणालो, “सर, नाकारलेल्याला एवढं कोण लिहितं? तो तर हे वाचणारही नाही कदाचित.”

वहिनी आत भाकरी थापत होत्या.

“मी नोकरीला लागलो तवा जळकोटला होतो,” सर म्हणाले. “पहिला निबंध लिहिला. तुरीवरच. लई कष्टानं. पाठवला एका मोठ्या पत्रिकेला.”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं.

“छापला नाही त्यांनी?”

“न्हाई म्हणले असते तरी चाललं असतं. चुकलंय म्हणले असते तरी. काहीच आलं न्हाई. पोस्टमन दिसला की मी उगंच दारात जाऊन उभा राहायचो.”

“मग?”

“मग काय,” सर म्हणाले. “अजून आलं न्हाई.”

त्यांनी मला पुढे लिहायची खूण केली, आणि नांगरटीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.