नानांची डोंगरावरची बारी

मे महिन्यात बुऱ्हाणपुरात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. त्याच महिन्यात आमचे शेजारी नाना चौधरी स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून बसस्टँडकडे निघत. कोणी काळजीनं विचारलं, "नाना, तब्येत तो ठीक है?" तर घाम निथळत असताना थांबून सांगत, "आजपासून आपली बारी सुरू झाली नं! थंडी तिथं गेल्यावर लागीनच. तयारीत राह्यलेलं बरं."

बारी म्हणजे पाळी. गावालगतच्या जसोंडीला नानांची केळीची बाग आहे आणि बागेतली विहीर तिघा भावांत सामाईक. आज याच्या केळीला पाणी, उद्या त्याच्या. ज्याचा दिवस, त्याची बारी. नानांनी सगळं जग याच नियमात बसवलं होतं. आमच्या दोन घरांत मिळून एकच वर्तमानपत्र यायचं. चहापर्यंत बारी त्यांची, चहानंतर माझी. दवाखान्यात रांग मोडून कोणी पुढे घुसला, तर डॉक्टरांच्या आधी नानाच त्याला तपासून काढत.

देशाचा बाजार तेव्हा नुकता जगाला जोडला जात होता. नवनवीन कंपन्या आमच्या गावापर्यंत पोचू लागल्या होत्या. अशाच एका कंपनीचा टायवाला माणूस नानांच्या ओसरीवर येऊन टाइमशेअर समजावू लागला. सातपुड्यातल्या एका थंड हवेच्या ठिकाणी रिसॉर्ट, त्यात दरवर्षी एक आठवडा आपला, आयुष्यभर. मी शेजारी बसून नाक मुरडत होतो. स्वतःची गादी सोडून परक्या गादीवर झोपायला पैसे मोजायचे, हे माझ्या मास्तरकीच्या डोक्यात शिरेना. नानांनी मात्र त्याला मध्येच थांबवलं. "म्हंजे विहीर तुमची, बारी आमची. असंच नं?" तो माणूस इतका खूश झाला की पुढे आमच्या भागात त्यानं याच एका वाक्यावर धंदा केला म्हणतात.

एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं. मुलगी सुनंदा इंदूरहून आली होती, दोघं मुलगे पुण्याहून आणि सुरतेहून, सगळे आपापल्या बिऱ्हाडासकट. नानांचा तिथला कार्यक्रम बघण्यासारखा होता. बारीतलं पाणी वाया घालवायचं नसतं, म्हणून पहाटे बॅडमिंटन, मग बनियन-पायजम्यासकट पोहण्याच्या तलावात, मग कॅरम, मग रिकामा दिसेल तो झोपाळा. टेबल टेनिस त्यांना येत नव्हतं. तरी टेबल मोकळं दिसलं की बॅट हातात घेऊन उभे राहत.

पण मी त्यांचा खरा भक्त झालो तो निघायच्या दिवशी. नानांनी स्वतः खोली झाडली, कुंड्यांना पाणी घातलं आणि घरून आणलेला कच्च्या केळ्यांचा घड खुंटीला टांगून ठेवला. मॅनेजर नको नको म्हणत मागे धावत होता. "पुढच्या बारीवाल्याले पाट साफ भेटला पाह्यजे," नाना म्हणाले, "आन केळं त्याच्या बारीत पिकतीन." तो पुढचा कोण, कुठला, याची त्यांना काही कल्पना नव्हती. असा माणूस शेजारी लाभला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो.

मग कंपनीनं दिवाळं काढलं. इंदुरात सभासदांची बैठक झाली. हॉलमध्ये नुसती आरडाओरड. जो तो पैसे परत मागत होता. नाना हात वर करून आपली बारी येईपर्यंत थांबले आणि मग वकिलाला म्हणाले, "साहेब, मले पैसे नको. विहीर इकली तरी बारी मरत नाही. घेनारा बारीसकट घेतो. तसं लिहून घ्या."

लोक हसले. वकील हसला नाही. त्यानं नीट समजावलं. खोलीचा हिस्सा तुमच्या नावानं रजिस्टर झालेला असता, तर तुमचं म्हणणं उभं राहिलं असतं. तुमच्याकडे नुसतं वापरायचं सभासदत्व आहे. इमारत विकून आधी बँकेचं देणं फिटेल, तुमचा नंबर शेवटी. हाती काही लागलं तर नशीब.

"म्हंजे आपन भागीदार नव्हतो," नाना म्हणाले. "पाव्हने होतो."

मला वाटलं, विषय संपला. पण मे आला आणि स्वेटर पुन्हा बाहेर निघाला. बारीवर माणूस गेलाच नाही तर बारी मोडते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोनं, नानींनी, साफ सांगितलं, "कुलूप पाहाले मी डोंगरावर येनार नाही." शेवटी त्यांच्यासोबत माझी रवानगी झाली.

रिसॉर्टच्या फाटकाला खरोखरच कुलूप होतं. चौकीदारानं नानांना ओळखलं, बाजूच्या दारानं आत घेतलं आणि व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली. तलाव कोरडा पडला होता, बॅडमिंटनच्या जागेवर गुडघाभर गवत. नाना ते सगळं बघत बसले. दुपारपर्यंत मी कळ काढली, मग वैतागलो. "नाना, काय ठेवलंय आता इथं? एवढा कसला हा डोंगराचा सोस?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले डोंगर कुठं आवडतो, मास्तर? इथल्या गारठ्यानं पाय आखडून जातात माह्ये. पन पोरं येतात नं. घरी या म्हनलं तं त्याईले कामं निघतात. बारी म्हनलं का सुट्टी टाकतात. आता बारी मोडली तं कोनत्या नावानं बोलावू?"

नानींना खुशाली कळवतो, असं सांगून मी खाली बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो आणि नानींच्या आधी सुनंदाला फोन लावला. ती माझ्याच हाताखाली शिकलेली.

"काका, नानांना समजवा ना प्लीज," ती सुरूच झाली. "रिसॉर्ट बंद झालं, आम्ही तर सुटलो म्हटलं. दादालोक दरवर्षी कशीबशी सुट्टी काढतात. नानांना डोंगराची एवढी हौस, नाही कसं म्हणायचं? मुलं तर बोर होतात तिथं. त्यांना जसोंडीच्या बागेत खेळायचं असतं."

नाना जे बोलले होते, ते मी तिला शब्दाला शब्द सांगितलं. मग ती म्हणाली, "त्यांना घेऊन घरी या, काका. यंदाच्या सुट्ट्या अजून कोणी रद्द केलेल्या नाहीत. आम्ही सगळे पोचतो, मुलांना जसोंडीला नेऊ."

मी धापा टाकत वर आलो आणि नानांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "त्याईले बी डोंगर आवडत नाही?"

"नाही, नाना."

"मंग इतके वर्सं आमी सगळे एकमेकाईसाठी कुडकुडत होतो?" असं म्हणून ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी मफलरनं डोळे पुसले, आणि पुसता पुसताच उठून चपला शोधू लागले.

"चला मास्तर, शेवटची बस सुटून जाईन. आन खाली गेल्यावर नानीले फोन करा. म्हनावं, सैपाक मोठा टाक, पोरं घरी येऊन राह्यले."