दोरीचं दार आणि बोलणारं कुलूप

“गो बाये, भिंतीक रंग लाव, नळ बदल, काय होया ता कर. पण दाराची दोरी काढू नको!”

धाकूकाकांनी मला हे अगदी स्पष्ट सांगितलं होतं. मी “हो हो, काका” म्हटलं आणि चौथ्या दिवशी दोरीसकट अख्खं दारच काढून टाकलं.

आता सगळं सांगते, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. (माझीच आहे. पण ऐकून तर घ्या!)

आमचं घर मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या तीन मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या घरात धाकूकाका एकटे. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात गेली. तिथे शेकडो माग एकदम खडखडायचे, त्यामुळे काकांचे कान केव्हाच निवृत्त झालेत. बाकीचे काका मात्र अजून ड्युटीवर असतात. सोसायटीत पाणी कधी गेलं, कोणाचं कुरिअर आलं, माझी लेक इरा आज शाळेतून रडत आली की हसत, सगळी नोंद त्यांच्याकडे!

आणि दोरी म्हणजे काय, तर आमच्या लॅचला आतून बांधलेली परकराची नाडी. दाराला पाडलेल्या भोकातून ती दिवसभर बाहेर लोंबायची. ओढली की दार उघडायचं. मजल्यावरची सगळी दारं अशीच होती. दूधवाला ओढायचा, काका ओढायचे, इरा तर घंटा वाजवल्यासारखी दहा वेळा ओढायची. मला मात्र ती नाडी बघितली की धडकी भरायची. मी जरा काळजी करणारी बाई आहे. जरा म्हणजे, इरा शिंकली की मी थर्मामीटर आणि देवघर दोन्हीकडे एकदम धावते.

तर इरा चार वर्षांची झाली आणि तिला पळायला जागा पुरेना. हॉलमधून सुटली की ब्रेक लागायच्या आत किचनच्या ओट्यावर आदळायची. म्हणून ठाण्यात दोन बेडरूमचं घर पसंत करून ठेवलं. हे विकलं तरच ते मिळणार होतं, आणि हे तर कोणी घेईना!

आमचा एजंट जयवंत म्हणाला, “मॅडम, बाथरूमची गळती थांबवा, नळ बदला, पांढरा रंग मारा. बस. बाकी घेणारा येऊन तोडणारच आहे.”

याला काय कळतंय! मी ‘घर विकण्यापूर्वी काय करावे’ या विषयावर एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले होते. एक्केचाळीस! एवढ्यात लोक वकील होतात. मी वही काढली आणि यादी केली. आवाज आत न येणाऱ्या खिडक्या. किचनला चिमणी. आणि मुकुटमणी म्हणजे नवं भक्कम दार, त्याला बोटाने उघडणारं डिजिटल कुलूप!

“अगं,” माझा नवरा देवेश म्हणाला, “गळक्या नळाखाली आपण सहा वर्षं बादली लावली. आणि आता अनोळखी माणसांसाठी चिमणी?”

“तुला मार्केट कळत नाही.”

“मला तू पण कळत नाहीस,” म्हणून तो ऑफिसला गेला.

महिन्याभरात सगळं झालं. जयवंतच्या आग्रहाखातर गळतीचं कामही अर्ध्या दिवसात उरकून घेतलं. फक्त किचनची खिडकी राहिली. फिटरने माप चुकवलं, काच चहाच्या ट्रेएवढी लहान आली, आणि “उद्या येतो” म्हणून गेलेला तो माणूस परत आलाच नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती जुनी खिडकी तशीच राहिली. आमची इमारत मागच्या बाजूला कोपऱ्यात वळते, त्यामुळे ही खिडकी बरोबर धाकूकाकांच्या किचनच्या खिडकीसमोर येते. मधे फार तर दोन हातांचं अंतर.

आणि मग मंगळवारी सकाळी अकरा वाजता रश्मी आली. ती एका हॉस्पिटलात नर्स आहे. सुट्टीचा दिवस साधून सासूबाईंना घेऊन घर बघायला आली होती. सासूबाई सुंदराबाई, जालन्याकडच्या, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे मुंबईत आलेल्या.

“जरा मोठ्यानं बोला बरं का,” त्या आल्या आल्या म्हणाल्या. “कानानं कमी हाय मला.”

मी चिमणी फुल स्पीडवर लावून दाखवली. विमान सुटल्यासारखा आवाज! रश्मीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ बाथरूममध्ये गेली, छताच्या कोपऱ्याला हात लावला, नळ पूर्ण सोडला, बंद केला आणि थेंब पडतो का ते बघत उभी राहिली.

“ओल नाही. छान,” ती म्हणाली. झालं! माझ्या एक्केचाळीस व्हिडिओंचा तिथेच निकाल लागला.

मी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. सुंदराबाई किचनमध्येच खुर्चीवर बसल्या, आणि इरा त्यांच्या मांडीवर. पाच मिनिटांची ओळख, पण बाहुलीचं लग्न कोणाशी ठरवायचं इथपर्यंत बोलणी गेली होती!

“चपलांचं कपाट बाहेर ठेवू देतात का?” रश्मीने विचारलं.

“या ना, जागा दाखवते!” मी उत्साहाने बाहेर पडले. पाठोपाठ रश्मी. आणि आमच्या पाठीमागे...

टिंग! ‘डोअर लॉक्ड. हॅव अ नाइस डे!’

“काही काळजी नाही,” मी रुबाबात म्हणाले आणि बोट लावलं.

‘प्लीज ट्राय अगेन.’

दुसरं बोट लावलं. तिसरं लावलं. दहाही बोटं लावून झाली. सकाळभर मी थिनर लावून लाद्यांवरचे रंगाचे डाग घासत होते. त्यात माझे ठसेही घासले गेले असावेत. आता मी कुठेही चोरी करू शकले असते, फक्त स्वतःच्या घरात शिरू शकत नव्हते!

“कोड असेल ना?” रश्मी म्हणाली.

होता. पण देवेशने तो त्याच सकाळी बदलला होता. मी इराची वेणी घालत असताना त्याने मला सांगितला आणि मी ‘हं’ म्हटलं. नवऱ्याला ‘हं’ म्हणताना कोणती बाई लक्ष देते? मी इराचा वाढदिवस टाकला. चूक. माझा टाकला. चूक! लग्नाची तारीख? चूक. त्याचा वाढदिवस? तोही नाही. शेवटी एक-दोन-तीन-चार.

‘टू मेनी अटेम्प्ट्स. प्लीज वेट फाइव्ह मिनिट्स.’

“पाच मिनिटं! अगं, दूध गॅसवर आहे! ते उतू जाणार, ज्योत विझणार, मग नुसताच गॅस... आणि इरा आत आहे!”

“ताई, आधी श्वास घ्या.”

“श्वास नंतर घेते! फोन दे तुझा!”

माझा फोन आत होता. रश्मीच्या फोनवरून देवेशला लावला.

“हॅलो, अरे...”

“मला लोन नको आहे!” खट्. परत लावला. “एकदा सांगितलं ना!” खट्. तिसऱ्यांदा लागलाच नाही. नवऱ्याने मला ब्लॉक केलं होतं!

मी दारावर मुठी आपटल्या. दुकानदार म्हणाला होता, “मॅडम, बाहेर बँड वाजला तरी आत कळणार नाही.” प्रामाणिक माणूस हो. खरंच कळत नव्हतं! त्यात आत चिमणीचं विमान सुटलेलं, आणि सुंदराबाईंना ऐकू कमी. मी पैसे मोजून माझ्या मुलीभोवती किल्ला बांधला होता आणि स्वतः बाहेर राहिले होते.

दाराच्या हादऱ्याने धाकूकाका बाहेर आले. “काय झाला गो?”

मी रडत, ओरडत, हातवारे करत सगळं सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. पूर्वी जिथे नाडी लोंबायची, बरोबर तिथे पाहिलं. ‘तुका सांगलेला ना!’ हे तीन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मला दिसले. त्यांनी ते गिळले. त्या एका घोटासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

“रडतंस कित्याक? चल,” म्हणाले आणि स्वतःच्या किचनकडे निघाले. आम्ही दोघी मागे धावलो.

त्यांच्या खिडकीतून आमचं किचन समोर दिसत होतं. बाहुलीचं लग्न रंगात आलेलं, आणि दूध पातेल्यात वर वर येत होतं.

“आजी! गॅस!” मी किंचाळले. सुंदराबाई हलल्याही नाहीत. इराने मात्र मान वर केली.

“आई, तू काकांकडे का गेलीस?”

“इरा! आजींना हलव! गॅस बंद करायला सांग!”

“नाही हं,” इरा बोट नाचवत म्हणाली. “गॅसजवळ आपण जायचं नाही, आणि गॅसचं नाव काढायचं नाही. तूच म्हणतेस!”

दिवसातून चाळीस वेळा म्हणते. ‘शाब्बास रुचिरा, काय वळण लावलंस!’ मी स्वतःलाच म्हटलं.

काकांनी मला हाताने बाजूला सारलं, खांद्यावरचा लाल पंचा काढला आणि खिडकीत निशाणासारखा फडकवला. सुंदराबाईंनी वळून बघितलं. काकांनी तोंडातून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, चिमटीत बटण धरल्यासारखं केलं, मनगट फिरवलं आणि गॅसकडे बोट दाखवलं.

सुंदराबाई उठल्या आणि गॅस बंद केला! दूध काठाशी येऊन, थोडा विचार करून, खाली बसलं.

हे कसं जमलं? मग उलगडलं. साचेखात्यात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं हातांनी आणि ओठांनीच बोलायची. आणि सुंदराबाई तर गेली कित्येक वर्षं लोकांचे ओठ बघूनच दिवस काढत होत्या. त्या खिडकीत दोन बहिरी माणसं असं फाडफाड बोलत होती की ऐकू येणाऱ्या आम्ही दोघी मुक्या झालो!

काकांनी तळहात आडवा फिरवला. चिमणी बंद. मग अंगठा दाबला, मूठ वळवली, दाराकडे खूण केली. सुंदराबाई मान डोलावून इराला घेऊन गेल्या. मिनिटभराने परत आल्या.

“पोर म्हणती, दारात कोन बाई इंग्लिश बोलतीया. तिला काय सांगू?”

तिच्याकडे लक्ष देऊ नका, अशी काकांनी खूण केली. सुंदराबाईंनी खूण समजल्याचं सांगितलं, जायला वळल्या आणि थांबल्या. साखरेचा डबा उचलून त्यांनी भुवया वर केल्या. काकांनी एक बोट दाखवलं.

“काका! चहा नंतर!” मी ओरडले.

“होय गो. पण तेंका काय ता सांगूक होया ना!”

अखेर दार उघडलं. इरा सुंदराबाईंच्या कडेवर होती, बटण तिनेच दाबलं होतं. मी तिला असं कवटाळलं की ती म्हणाली, “आई, तू मला चुरगळतेस.”

“च्या गाळलाय,” सुंदराबाई म्हणाल्या. “कप काय घावत न्हाईत.”

मी तिथेच जिन्यावर बसून हमसाहमशी रडले. “रश्मी, तुम्ही घर नाही घेतलंत तरी चालेल. तुझ्या सासूबाईंचे उपकार मी...”

“घ्यायचं हे घर,” माझे ओठ बघून सुंदराबाई मधेच म्हणाल्या.

“आई, अजून बेडरूम नीट बघितली नाही,” रश्मी म्हणाली.

“झोपायच्या खोलीत बघायचं काय? तुमी दोघं दिवसभर कामावर. दोन वर्सं झाली मुंबईत, लोक पाठ फिरवून बोलत्यात. ह्यो पयला मानूस माझ्या तोंडाकडं बघून बोलला.” मग त्यांनी दाराकडे नाराजीने पाहिलं. “त्येवढं बोलनारं दार काढा.”

तर कोणती सुधारणा कामाची ठरली? जयवंतची गळती, आणि ज्याला मी लाखोली वाहिली त्या फिटरने अर्धवट सोडलेली खिडकी. त्या माणसाचं आता रोज कल्याण चिंतते. देवेश संध्याकाळी आला आणि म्हणाला, “कोड? आपला फ्लॅट नंबर, दोनदा. सांगितलं होतं की!” मी म्हटलं, “हं.”

आम्ही आता ठाण्यात राहतो. इराला पळायला जागा आहे, आणि ती मिळाली त्या दोन म्हाताऱ्यांमुळे. आमच्या जुन्या घरातून रश्मी रोज सकाळी निरोप पाठवायची, “आई खिडकीतून सांगतायत, काका भाकरी थापतायत.” तो वाचला की मगच माझा चहा घशाखाली उतरायचा. पण गेल्या शुक्रवारी ती मंडळी लग्नाला जालन्याला गेली. समोरची खिडकी बंद. मी काकांना फोन लावते, तो नुसता वाजतो. त्यांना ऐकूच येत नाही. वॉचमनला विचारलं, तर “सब ठीक है” म्हणाला. तो खुर्चीतून उठलेलाही नव्हता, हे मला फोनवर खुर्ची करकरली नाही त्यावरून कळलं! इराला कांजिण्या आल्यात, देवेश दौऱ्यावर. मला हलता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी नवघर रोडला राहत असेल, तर प्लीज जरा दुसऱ्या मजल्यावर जाऊन या ना. बेल वाजवू नका, उपयोग नाही. दाराची दोरी ओढून आत जा, समोर उभं राहा, तोंडाकडे बघून बोला. “माका काय झाला? मी बरो आसंय,” असं म्हणतील. विश्वास ठेवू नका. जेवलात का विचारा, गॅसवर काय आहे ते स्वतः बघा. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नका, मला ओरडतील. नुसतं बघून या, आणि मला कळवा.