पाहुण्यांखालचं गवत

तकुआरेम्बोत जून म्हणजे हिवाळ्याची सुरुवात; ती थंडी कुरणातलं गवत करपवायच्या आत एबेरने कसाबसा हिशेब बसवला होता. गोठ्यामागचे वाळल्या गवताचे गठ्ठे पुरवून पुरवून टाकले, तर वसंत येईपर्यंत एकही गाय विकावी लागणार नव्हती. म्हणूनच बायको, सुल्मा, "जरा गठ्ठे लागतील" म्हणाली तेव्हा तो ताडकन वळला.

"कशाला?"

"बसायला! आपल्या लेकीचा, यामिलाचा, पंधरावा वाढदिवस, लग्नाइतकाच मोठा सोहळा, अर्धा गाव येणार. खुर्च्या कुठून आणू? माणसं काय गवत खातात?"

"जरा म्हणजे किती?"

"सगळे."

माणसं गवत खात नाहीत, हे एबेरला मान्य करावं लागलं. दिवसभर तो गठ्ठे अंगणात वाहत राहिला. सर्वांत ऐसपैस गठ्ठा सासूबाईंनी, डोन्या ओफेलियांनी, पटकावला. आठवड्यासाठी आलेल्या या बाई महिना उलटला तरी हलल्या नव्हत्या, आणि "कधी जाणार?" विचारायचं त्राण एबेरमध्ये उरलं नव्हतं.

संध्याकाळी वाजंत्रीवाल्याला स्पीकरसाठी वीज हवी होती. बाहेर प्लग एकच. त्याने त्यातली वायर उपटून स्वतःची खुपसली. उपटलेली वायर कुंपणाच्या झटका मशीनची होती. मशीनची टकटक थांबली, ते माणसांना कळलं नाही, गायींना कळलं.

चार-पाच गायी तार तुडवून आल्या आणि त्यांनी थेट पोस्टमास्तरांच्या बुडाखालचं गवत ओढलं. पाहुणे ओरडत उठले. बाकीचा कळप अजून तारेपलीकडे विचार करत होता. एबेर धापा टाकत प्लगपाशी पोचला, तोच मागून हाक आली.

"पापा, आपला वॉल्ट्झ!"

पांढऱ्या झग्यातली यामिला हात पुढे करून उभी होती. पहिला नाच बापाबरोबर. प्लग काढला तर गाणं बंद, ठेवला तर हिवाळ्याच्या चाऱ्याची वाट लागणार. एवढीशी पोर केव्हा इतकी मोठी झाली! एबेरने प्लग तसाच ठेवून तिचा हात धरला.

"पापा, पावलं चुकतायत."

"गायी मोजतोय गं."

नाच संपला तेव्हा अख्खा कळप अंगणात होता आणि गठ्ठा एकच शाबूत होता. त्यावर डोन्या ओफेलिया ठाण मांडून, समोरच्या गायीच्या नाकावर पंखा हाणत होत्या.

"जावईबापू, पुरे झालं हे! उद्याच निघते मी," म्हणत त्या उठू लागल्या.

एबेर हात जोडून धावला. "बसा हो, बसा! वसंत येईपर्यंत हलू नका!"