माशीची ओळखपरेड

ओळख पटल्यावाचून उपचार करू नये, हे शास्त्र सनातन आहे. (देवसुद्धा अंगारा देण्याआधी गोत्र विचारतो. निदान पुजारी तरी विचारतो.) गुरांच्या खात्याने हेच तत्त्व माशीला लावले, यात वावगे काय?

त्या साली पोलादपुराकडे गोमाश्यांनी उच्छाद मांडला. रक्त पिऊन पिऊन त्यांनी म्हशी आटवल्या. तेव्हा महाडाहून एक साहेब, औषधाचे पिंप आणि सहा जातींच्या माश्यांचे फोटो आले. एकेक माशी परातीएवढी. नियम सरळ होता: आपल्या म्हशीला चावलेली माशी फोटोवरून ओळखावी, तसे शपथेवर सांगावे आणि बाटली न्यावी. (औषध साही जातींवर एकच. म्हणून काय शिस्त सोडायची?)

धर्मशाळेच्या ओट्यावर फोटो मांडले. पहिला रावजी. "सायेब, ही तीन नंबरची. हिचा मला पयल्यापासून वहीम होता." बाटली मिळाली. मग येसाजीचीही माशी तीन नंबरचीच निघाली, त्याच्या व्याह्याचीही. दुपारपर्यंत शेकडा शंभर. इतके एकमत आमच्या भजनी मंडळात पहिला अभंग कोणता, यावरही कधी झालेले नाही. (तीन नंबरची फुलांवर बसते, गुरांना शिवत नाही, असे फोटोच्या पाठीवर छापले होते.)

शेवटी बयाबाई आली. वरच्या वाडीची, एकटी. एकुलत्या एका म्हशीच्या दुधावर तिची चूल. म्हशीने वैरण सोडली होती.

"ओळखा, बाई."

"कशी वळखू, बाबा? मी तिला पाठमोरी बगितली."

"नीट पाहा."

"नाय रे बाबा. बुवांनी किर्तनात सांगितलंय, खोटी साक्ष देऊ नये. माशी झाली म्हून तिच्यावर आळ कशाला घालू?"

मागून रावजी कुजबुजला, "तीन सांग गो, आत्ये."

"तू बगितलीस तिला?"

"मी बाटली बगितली."

साहेबांनी निर्णय दिला: माशी ओळखली नाही, सबब चावली नाही; चावली नाही, सबब म्हैस निरोगी आहे. हे ऐकून बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. (आनंदाचे असावे.)

दिवस मावळता रावजी उरलेली अर्धी बाटली घेऊन वाडी चढला.

"कुठल्या माशीचं हाय हे?" बयाबाईने विचारले.

"म्हशीचं हाय. चोळ गप."

तिने चोळले. म्हैस वैरणीला लागली, मग दुधाला. खात्याने अहवालात नोंदवले की औषध न दिलेली म्हैसही ठणठणीत आहे. यावरून निर्णयाची अचूकता सिद्ध होते.

पुढल्या एकादशीला बुवांनी उत्तररंगात बयाबाईची सत्यनिष्ठा लावली. काय रंगले कीर्तन. सारा मंडप गहिवरला, सर्वांत जास्त रावजी. वाचकहो, तुम्हीही आता मनाने बयाबाईच्या शेजारी जाऊन बसला असाल. बसा, मीही तिथेच बसलो होतो. फक्त त्या दिवशी बाटलीच्या रांगेत माझ्यापुढे तुम्हीच उभे होता, एवढे आठवते.