जोगळेकरांचं तोलेदो

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले जोगळेकर स्पेनमधल्या तोलेदोला कधीही गेलेले नाहीत. पण त्या जुन्या शहरातल्या कुठल्या गल्लीत किती वाजता सावली येते, हे ते मेथी निवडता निवडता सांगतील.

नोकरी दुबईच्या जबल अली बंदरात, गोदामात. संध्याकाळी कंपनीची बस घराजवळ सोडते, की हातपाय धुऊन हे कॉम्प्युटरवर तोलेदोच्या रस्त्यांचे फोटो उघडतात आणि फिरायला निघतात. बिल्डिंगमधलं कुणी तिकडे निघालं, की त्याच्या हाती लॅमिनेट केलेला कागद. "हा रूट. डोळे मिटून जा!"

मला या माणसाचा भयंकर हेवा वाटतो. लपवत नाही. एकवीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोनं, मेधानं, माझं एकही वाक्य लॅमिनेट करून ठेवलेलं नाही. जोगळेकरांचा कागद मात्र तिनं पासपोर्टच्या आधी पर्समध्ये टाकला.

ईदच्या सुट्टीत आम्ही तोलेदोला निघालो, तेव्हा मी एकच ठरवलं होतं. जोगळेकरांची एक तरी चूक काढायची. मेधासमोर!

कागदावर लिहिलं होतं : 'सुऱ्या-तलवारींच्या दुकानासमोर पांढरा कुत्रा झोपलेला असेल.' दुकान होतं. कुत्रा नव्हता. मी भर रस्त्यात हात पसरले. "मेधा, कुत्रा नाही!"

"जेवायला गेला असेल," मेधा म्हणाली.

तेवढ्यात तो आला आणि आडवा झाला.

"बाबा, अंकल इज ऑलवेज राइट," मुलगी म्हणाली.

कॅथेड्रलमध्ये रंगीत काचांतून येणारा उजेड पाहून मी चक्क हात जोडले. मेधा कागद वाचत म्हणाली, "चार पावलं डावीकडे सरका. जोगळेकर म्हणतात, तिथून जास्त छान दिसतं." सरकलो. दिसत होतं. जोडलेले हात खिशात घातले.

शेवटी शस्त्रांच्या संग्रहालयाकडे जाताना देव पावला. समोर दगडी पायऱ्या, वर संग्रहालय. दोन मिनिटांचं काम. जोगळेकरांचा रूट मात्र तिकडे पाठ फिरवून, वळसा घालून, एका बागेतून वीस मिनिटं हिंडवत होता! मेधा हट्टानं रूटनंच गेली. मी आणि मुलगी पायऱ्यांनी. वर पोचल्यावर मी त्या पायऱ्यांचे तीन बाजूंनी फोटो काढले. आतल्या तलवारींचा एकही नाही.

दुबईला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मेधाला घेऊन जोगळेकरांच्या दारात हजर.

"काय हो गोदामवाले! दोन मिनिटांच्या जागी वीस? कंटेनर असा फिरवलात तर नोकरी खलास!"

त्यांनी फोटो नाकाशी धरला. "आहेत ना पायऱ्या. छत्तीस. मोजल्यात मी."

"मग?"

आतून वहिनी वॉकर ढकलत आल्या. सोफ्यापर्यंतच्या पाच-सहा पावलांत एकदा थांबल्या. पाठीच्या ऑपरेशनपासून त्या अशाच चालतात. आम्हाला ते दिसेनासं झालं होतं. जोगळेकरांनी न बघताच उशी सरकवली. आणि मला तो कागद आठवला. इतक्या चढउतारांच्या गावात त्यांच्या रूटवर एकही पायरी नव्हती.

"आम्हीपण जाणार आहोत, इन्शाल्ला," वहिनी बसत म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, ह्यांचा रूटच पक्का होत नाही."

"होईल गं. एकच अडलंय." जोगळेकर माझ्याकडे वळले. "त्या बागेत एक बाक आहे. फोटोत झाडामागे गेलाय. त्याला पाठ आहे का हो?"

मी बागेत गेलोच नव्हतो. मी मेधाकडे पाहिलं.

"आहे," मेधा म्हणाली. "सावलीत आहे. दोघं ऐसपैस बसाल. मी बसले होते. एकटीच."