जिन्यात सोडलेली म्हण

सुनेची हॉस्पिटलात रात्रपाळी होती आणि दिवसा डोक्यावर सुतार होता. वरच्या मजल्यावरचे सुतारभाऊ घरातच स्टुलं ठोकायचे, आणि प्रत्येक ठोका थेट सुनेच्या उशीवर पडायचा. काल तर झोपेच्या गुंगीत तिने भलत्याच पेशंटला इंजेक्शन द्यायला हात उचलला होता.

"आई, मी सांगून येते त्यांना."

"तू पड जरा. तोंडावर बोललं की वाईटपणा येतो. मी म्हण टाकते."

सासूबाई कुणाला थेट बोलत नसत. जिन्यात उभं राहून, भिंतीकडे बघत, मोठ्यांदा एक म्हण सोडायची. ज्याची त्याला लागते, असा त्यांचा अनुभव. आजची गोंगाट करणाऱ्यांवरची होती आणि चांगली झोंबरी होती. सुतारभाऊ खिळ्यांची पिशवी घेऊन वर जाताना सासूबाईंनी म्हण सोडली.

जिन्यात आवाज घुमतो. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. समोरच्या गाण्याच्या मास्तरांनी शिकवणी मोडून मुलांना घरी पाठवलं. शेजारचे आजोबा टॉवेलात तोंड खुपसून खोकू लागले. इमारत चिडीचूप झाली आणि वरचे ठोके आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागले.

संध्याकाळी सुतारभाऊच दारात आले.

"काकू, बरं केलंत, सुनावलंत सगळ्यांना. काय कटकट होती. आता शांतता आहे तर उद्यापासून कपाटाचं काम धरतो."

सासूबाईंची मान आपोआप भिंतीकडे वळली.

"आई," आतून सून म्हणाली, "भिंतीला झोपायचं नाहीये."

सासूबाईंनी मान परत दाराकडे वळवली. "भाऊ, दिवसा ठोकू नका. ही झोपते तेव्हा."

"एवढंच? मग सांगायचं ना काकू. ठोकाठोक संध्याकाळी ती ड्युटीवर गेल्यावर करीन."

वाईटपणा काही आला नाही. त्याच हुरुपात सासूबाई खाली गेल्या.

"बाई, मशीन खुशाल चालवा. आम्हाला त्याचा काही त्रास नाही."

शिंपीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "कळलं बरं. एवढी काही मी भोळी नाही."

"अहो, खरंच सांगतेय."

"सकाळी जिन्यातून, आता घरात येऊन. आणखी किती लावून बोलणार आहात?"

मास्तरांकडे तेच झालं. आजोबांनी तर दारच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सून गाढ झोपली. सासूबाई मात्र दुपारभर जिन्यात उभ्या होत्या, कुठे मशीनचा आवाज येतोय का ते ऐकत.